मजुराची कामे आमच्या नावाने बंद करू नका



डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीचा २००५ चा कायदा मोडीत काढला आणि 'विकसित भारत' अशा नावाने सुरू होणारा नवा कायदा केला. वर्षाला १०० दिवसांचे १२५ दिवस झाले म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्याच कायद्यात एक कलम आहे, त्याचा गाजावाजा फक्त आपल्यापुढे होतो. पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात, वर्षातून मिळून ६० दिवसांपर्यंत, हमीची कामे बंद ठेवायची; कोणते दिवस ते राज्याने आगाऊ जाहीर करायचे. हे कोणासाठी? तर म्हणे शेतकऱ्यासाठी. शेतकऱ्याला मजूर मिळत नाही, मजुरी परवडत नाही, म्हणून सरकारने ही सोय केली.

हे उपकार आम्हाला नकोत.

नको म्हणताना आमच्या अंगात सोवळे नाही. ही मागणी आपल्याच सभांतून, आपल्याच व्यासपीठावरून कित्येकदा झाली आहे आणि तिला टाळ्याही पडल्या आहेत. कापूस बोंडाबाहेर लोंबतो आहे, आभाळ भरून आले आहे आणि गावात दहा घरे फिरूनही वेचायला बाई मिळत नाही, हे ज्याने भोगले त्याला कोणी शहाणपण शिकवायला जाऊ नये. भिजलेल्या कापसाला व्यापारी कसा हात लावतो आणि काय भाव बोलतो, ते आम्हीही पाहिले आहे. ज्वारीची सोंगणी माणसावाचून अडली म्हणून ज्वारीच सोडून दिलेली शिवारे आपल्या डोळ्यांपुढे आहेत. अडचण खरी आहे. पण तिचा चोर म्हणून ज्याला पकडून आपल्यापुढे उभे केले आहे, तो चोर नव्हे.

आधी साधा दिवसांचा हिशेब करू. हमीची कामे म्हणजे बहुतेक मातीकाम. नालाबांध, शेततळे, पांदण रस्ता, गाळ काढणे. ही कामे केव्हा होतात? पाऊस लागला की खड्ड्यात पाणी साचते, मोजमाप होत नाही, काम आपोआप थांबते. कामावरची खरी गर्दी असते ती चैत्र-वैशाखात, फार तर मृगाच्या तोंडापर्यंत. आपल्या कोरडवाहू कापसाची वेचणी दसरा-दिवाळीला सुरू होते आणि संक्रांतीपर्यंत, फरदड ठेवली तर त्याच्याही पुढे जाते. तेव्हा कार्तिकात जो मजूर सापडत नाही तो हमीच्या कामावर गेलेला नसतो. तो ऊसतोडीला गेलेला असतो, वीटभट्टीवर किंवा पुण्या-सुरतेच्या बांधकामावर गेलेला असतो. का गेला? गावात वर्ष निघत नाही म्हणून. ज्या गावात उन्हाळ्यात काम चालू असते तिथला माणूस उन्हाळा गावात काढतो, आणि मग पेरणीला आणि वेचणीलाही तोच असतो. हंगामात मजूर हवा असेल तर तो बिगरहंगामात जगला पाहिजे, एवढे तरी आपल्याला कळायला हरकत नाही. बैल आपण वर्षभर पोसतो, फक्त नांगरणीच्या महिन्यात नाही.

आता एका अभ्यासाबद्दल सांगायचे आहे. अर्थशास्त्रज्ञ म्हटले की आपल्याकडे लोक खुर्ची मागे सरकवतात, आणि त्याला कारणेही आहेत. पण हा अभ्यास आपल्या शेजारचा आहे. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखतनकर या तिघांनी तो तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात केला. आठ जिल्हे, १५७ मंडले, सुमारे १ कोटी ९० लाखांची लोकवस्ती. आठांपैकी एक जिल्हा आदिलाबाद. पैनगंगेच्या पलीकडचा, कापसाचा, आपल्या यवतमाळ-नांदेडला लागून असलेला. तिकडची माती आणि पऱ्हाटी कशी आहे ते आपल्याला कोणी सांगायला नको.

झाले असे की २०१० ते २०१२ या काळात तिथल्या सरकारने हमीची मजुरी वाटण्याची पद्धत बदलली. मजुराला अंगठ्यावर चालणारे कार्ड दिले आणि गावातच पैसे मिळायची सोय केली. कोणत्या मंडलात हे आधी आणायचे आणि कोणत्या मंडलात नंतर, ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर वाणाची चाचणी घेताना आपण वाफे जसे चिठ्ठीने ठरवतो, म्हणजे चांगली जमीन एकाच वाणाच्या वाट्याला जात नाही, तसाच हा प्रकार. मग दोन्हीकडच्या गावांची तुलना केली. सरकारचा खर्च वाढला नव्हता. मधली गळती कमी झाली, पैसे वेळेवर मिळू लागले आणि काम मागणाऱ्याला मिळण्याची शक्यता वाढली, एवढाच फरक.

त्या फरकाने मजूर घरांची कमाई १४ टक्क्यांनी वाढली, गरिबी २६ टक्क्यांनी घटली. आता ऐका, यात गंमत आहे. या वाढलेल्या कमाईतले ८६ टक्के हमीच्या कामातून आलेच नाहीत. ते गावातल्या बाहेरच्या कामातून आले, म्हणजे शेतावरच्या आणि इतर खासगी मजुरीतून. मजुरीचा दर वाढला, आणि दर वाढूनही कामाचे दिवस कमी झाले नाहीत, उलट वाढले.

पुस्तकात तर आपण उलटे शिकलो. वस्तू महागली की खप घटतो, तसे मजुरी वाढली की काम घटते. कृषी पदवीच्या अभ्यासक्रमातही हेच होते आणि आम्ही ते पाठ करून पास झालो. मग इथे उलटे का व्हावे?

गाव डोळ्यांपुढे आणा. साठ-सत्तर एकरांचे एक मोठे खातेदार आहेत, गावातले निम्मे मजूर त्यांच्याच वावरात जातात. आज वीस बाया निंदणाला येतात. आणखी पाच हव्या आहेत, पण त्या पाच जादा दरावाचून येणार नाहीत. त्या पाचांना जादा दिला की जुन्या वीस जणीही तोच मागणार. मग मालक काय करतो? पाच जणींचे काम सोडून देतो, तण वाढले तर वाढले, पण दर फुटू देत नाही. त्याचे नुकसान थोडे, वाचवलेली मजुरी जास्त. बाईला दुसरीकडे जायला जागा नाही म्हणूनच हे चालते. दुसरीकडे खरोखर काम मिळते आणि पैसेही मिळतात हे एकदा तिला कळले की दर फुटतो. दर फुटलाच, तर पाच जणींना घरी बसवण्यात मालकाचा काही फायदा उरत नाही. तो त्यांनाही बोलावतो. या तिघांना असेही दिसले की जमीन जिथे थोड्यांच्या हातात जास्त गोळा झालेली होती, त्या गावांत रोजगाराची वाढ अधिक झाली. याचा अर्थ वाचणाऱ्याने लावावा. आम्हाला तो चांगलाच लागला.

आणखी एक. त्या गावांत शेतीबाहेरचे छोटे धंदे वाढले. मजुराच्या हातात पैसा आला की तो तिथेच, गावात आणि आठवडी बाजारात खर्च होतो. किराणा, शिलाई, सायकल-मोटारसायकलची दुरुस्ती. आपल्या धाकट्या मुलाला साडेतीन एकरांत भागणार नाही हे आपल्याला कळते, त्याने काय करावे हे कळत नाही. त्याचे दुकान चालायचे असेल तर गिऱ्हाईक कोण असणार, याचाही विचार करावा.

आता अभ्यासातले आपल्याला न आवडणारे वाक्य. ते लपवले तर हे पत्रक आणि मंत्र्याचे भाषण यांत फरक काय राहिला? तिथे जमिनीचे उत्पन्न घटले. म्हणजे मजुराला मिळाले त्यातले काही मजूर लावणाऱ्याच्या खिशातून गेले. हे खरे मानून पुढे बोलू.

पहिला प्रश्न, तो मजूर लावणारा कोण? २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी खाते १.३४ हेक्टरचे, म्हणजे सव्वातीन एकरांचे. सव्वातीन एकरांचा कोरडवाहू माणूस वेचणीला चार बाया लावतो आणि वेचणी संपली की त्याच्याच घरातली दोन माणसे दुसऱ्याच्या वावरात जातात. केंद्र सरकारच्याच २०१८-१९ च्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८. पुन्हा वाचा. ज्याला सरकार शेतकरी म्हणते त्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो. मजुरी पाडली म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांनी आपल्याच डाव्या हाताने उजव्या हातातली भाकरी काढून घेतली. फायदा त्या साठ-सत्तर एकरवाल्याचा. सभेत सगळ्यात मोठ्या आवाजात 'मजुरी परवडत नाही' कोण म्हणतो, ते पुढच्या खेपेला नीट पाहा.

दुसरा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तो या तिन्ही पंडितांच्या अभ्यासाचा विषय नव्हता. मजुरी वाढली तर ती मालाच्या भावात का चढत नाही? पोलाद महागले की ट्रॅक्टरवाला किंमत वाढवतो. डिझेल महागले की मालवाहतूकवाला भाडे वाढवतो. एकट्या शेतकऱ्याची मजुरी वाढली की ती त्याच्याच अंगावर का राहते? कारण आपला भाव आपण ठरवत नाही, आणि जो बाजार ठरवतो त्याच्या मानेवर सरकारचा हात असतो.

ताजेच उदाहरण घ्या. परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क होते. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते उठवले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस बाजारात यायचे सगळे दिवस त्यात आले. हमीभाव जाहीर होता, मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११०. एका हाताने तो फळ्यावर लिहायचा, दुसऱ्या हाताने बंदराचे दार उघडायचे. कापड गिरण्या अडचणीत होत्या, अमेरिकेने आपल्या मालावर जबर शुल्क लावले होते, हे आम्हाला ठाऊक आहे. गिरणीची अडचण होती तर गिरणीला सरकारी तिजोरीतून मदत करायची होती. ती आपल्या भावातून का केली?

याचा हिशेब कागदावर मांडू. समजा रुईचा भाव किलोला १५० रुपये आहे. ११ टक्के म्हणजे साडेसोळा रुपये. एक क्विंटल कापसात ३४ किलो रुई धरली तर क्विंटलमागे ५६१ रुपये होतात. सगळेच्या सगळे आपल्या भावातून गेले असे आम्ही म्हणत नाही. निम्मे गेले म्हणा, २८० रुपये. आता वेचणीचा दर किलोला ८ चा १० झाला असे धरा. क्विंटलमागे २०० रुपये जादा. हे २०० रुपये घेणारी बाई दिवसभर उन्हात वाकून कापूस वेचते आणि ते घेऊन आपल्याच गावात खर्च करते. ते २८० ज्याने घेतले त्याचे तोंडही आपण पाहिलेले नाही. आणि आपण भांडतो कोणाशी? बाईशी!

ही एका हंगामाची गोष्ट नाही. श्रीमंत देशांची ओईसीडी ही संस्था आणि दिल्लीची इक्रिअर या दोघांनी मिळून २०१८ मध्ये हिशेब छापला. २००० ते २०१६ या काळात, खत-वीज-पाण्याची सबसिडी जमेला धरूनही, भारतातल्या शेतकऱ्याला एकूण उत्पन्नाच्या सरासरी १४ टक्के उणे मदत झाली. उणे मदत म्हणजे सरळ भाषेत कर. निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा, हवी तेव्हा आयात, अशा मार्गांनी वसूल केलेला. त्याची पावती मिळत नाही. शहरातला माणूस म्हणतो शेतकरी आयकर भरत नाही. नाही भरत बाबा. आमचा कर पट्टीतच कापून घेतात, तुझ्या पगारातून कापतात तसाच. फरक इतका की तुला नफ्यावर द्यावा लागतो, आम्हाला तोट्यातही द्यावा लागतो.

पगाराचा विषय निघालाच आहे तर व्यवसाय कराबद्दलही बोलू, कारण रोजगार हमी आणि हा कर ही महाराष्ट्रातली जुळी भावंडे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची योजना राज्यभर गेली. १९७५ मध्ये नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला तो तिला पैसा हवा म्हणून. १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. शहराने खेड्याच्या मजुरीसाठी कर द्यायचा, ही गोष्ट या देशात आधी आपल्या राज्याने केली. त्याचा अभिमान आहे. पण पुढे काय झाले? या कराला घटनेतच मर्यादा आहे. १९८८ मध्ये ती वर्षाला २५० वरून २,५०० रुपये केली, त्यानंतर तिला हात लावलेला नाही. त्यामुळे महाराष्ट्रात आज महिना १२ हजार मिळवणारा कारकून वर्षाला २,५०० भरतो आणि महिना १२ लाख मिळवणारा मोठा साहेबही २,५०० च भरतो. हा कर आहे की थट्टा?

आणि आता नव्या कायद्याने खर्चाचा ४० टक्के भार राज्यावर टाकला आहे. जुन्या केंद्रीय कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा पैसा केंद्र द्यायचे. राज्याच्या तिजोरीची रड आपण रोज ऐकतो. पैसा नसला की काय होते तेही आपल्याच राज्यात एकदा पाहून झाले आहे. १९८८ मध्ये किमान मजुरी दुप्पट झाली, त्याबरोबर हमीची मजुरीही. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी त्या काळची हजेरी तपासून १९९३ मध्ये दाखवले की मजुरी वाढली तरी कामावरची माणसे घटली. लोकांना काम नको होते म्हणून नव्हे. कामाला रेशन लागले होते. काम उघडायचे नाही, नमुना नाही, तांत्रिक मंजुरी नाही, दोन महिन्यांनी या. कायदा तसाच, हमी तशीच, फक्त काम नाही.

म्हणून त्या ६० दिवसांची आम्हाला भीती वाटते. पैसा नसलेल्या राज्याला काम बंद ठेवायला निमित्त हवे असते, आणि ते निमित्त म्हणून शेतकऱ्याचे नाव वापरले जाणार. मजुराने विचारले, काम का बंद? उत्तर तयार: शेतकऱ्यांची मागणी होती. गावात मजुराची वस्ती एका बाजूला, आपली दुसऱ्या बाजूला, आणि ज्याने बंदर उघडले तो मुंबई-दिल्लीत निवांत. २०२५-२६ साली महाराष्ट्रात हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. एवढ्या पैशाने शेतकरी बुडतो असे जो म्हणतो त्याने आधी हे सांगावे, की ३१२ रुपयांची मजुरी पेलवत नाही अशा भावात आपला माल कोणी नेऊन ठेवला.

'भीक नको, हवे घामाचे दाम' हे आपण ओरडून सांगत आलो. घाम आपल्याला येतो तसा तो वेचणाऱ्या बाईलाही येतो. तिच्या घामाचा दाम पाडून आपला वाढत नाही, हे आदिलाबादच्या त्या आकड्यांवाचूनही आपल्याला दिसायला हवे होते. दिसले नाही, ही आमचीही चूक. वर ज्या टाळ्यांचा उल्लेख केला त्यांतल्या काही आमच्या होत्या.

येत्या जिल्हा बैठकीत तीन ठराव येतील. एक, कोरडवाहू तालुक्यांत या ६० दिवसांची अधिसूचना राज्याने काढू नये, आणि काढायचीच असेल तर आधी ग्रामसभेला विचारावे, ज्या ग्रामसभेत मजूरही बसतो. दोन, ऑक्टोबर ते मार्च कापसावरचे आयात शुल्क उठवू नये. तीन, व्यवसाय कराची २,५०० ची मर्यादा वाढवून मोठ्या पगारावर जास्त दर लावावा आणि तो पैसा पुन्हा हमीच्याच कामाला बांधावा. तिसऱ्यावर नोकरीत असलेली आपलीच मुले-पुतणे कुरकुर करतील, त्याची तयारी ठेवा.

बैठकीला येताना प्रत्येकाने गेल्या हंगामाचा एक कागद आणावा. एकरी किती वेचला, वेचणीला किलोमागे काय दिले, विक्री कोणत्या तारखेला केली आणि पट्टीत काय भाव लागला. घरातल्या कोणी दुसऱ्याच्या वावरात किंवा हमीच्या कामावर किती दिवस काढले, तेही त्याच कागदाच्या मागे लिहावे. लाजू नका. आमचाही कागद असेल.